हुरड्याचे आठ दिवस



मला बोलायला 'शाळेच्या आठवणी' हा विषय दिला आहे. पण त्या सांगण्यात मागच्या बाकावरची मंडळी माझ्यापेक्षा तरबेज आहेत, आणि सकाळपासून त्यांनी माझ्यासाठी फारसं काही शिल्लकही ठेवलेलं नाही. म्हणून मी आज सकाळी आपल्या मित्राच्या शेतात जे खाल्लं, त्याबद्दल बोलते. गुळाचा खडा, शेंगाचटणी, दही आणि समोर गरम हुरडा. पुण्याहून, बंगळूरहून, एक जण तर दुबईहून आला, आणि बांधावर बसल्यावर अर्धा तास कोणी मोबाईल काढला नाही. आपल्या वर्गात इतकी शांतता शिंदीच्या फोकाच्या धाकानंसुद्धा कधी झाली नव्हती.

सोबत आलेल्या मुलांसाठी थोडं सांगते. मंगळवेढ्याचा शाळू सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात. त्यानंतर आभाळातून फारसं काही येत नाही. काळ्या रानानं धरून ठेवलेली ओल आणि थंडीतलं दव, एवढ्यावर तो उभा राहतो. डिसेंबरअखेर, जानेवारीत दाण्यात दूध भरतं आणि मग ते घट्ट होऊ लागतं. दूध आणि पीठ यांच्या मधले जे सात-आठ दिवस, तो हुरडा. अलीकडे तोडला तर चीक, पलीकडे गेला तर दाताखाली कडक. कणीस तोडून दुपारपर्यंत ठेवलं तरी ती गोडी राहत नाही. म्हणून आगटी शेतातच पेटवायची. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची आणि भाजलेलं कणीस गरम असतानाच तळहातावर चोळायचं. आपल्या मुलांनी दोन कणसांत हात मागे घेतले. वहिनी मात्र सकाळी सातपासून चोळत होत्या. त्यांचे तळवे मी पाहिले.

हल्ली हमरस्त्यावर 'हुरडा पार्टी'च्या पाट्या दिसतात. आत पोहण्याचा तलाव, कर्कश गाणी आणि एका कोपऱ्यात गारठवून ठेवलेल्या हुरड्याचं ताट. एका ठिकाणी तर मी हे एप्रिलमध्ये पाहिलं आहे. कोणाला आवडत असेल तर माझी हरकत नाही, पण त्याला हुरडा म्हणू नये.

भाकरीची आपली ज्वारी म्हणजे मालदांडी. तिच्यातून मोहोळला १९३०च्या दशकात निवडलेला एम ३५-१ हा वाण आजही शेतात आहे. आमच्या धंद्यात पाच वर्षं टिकलेल्या प्रोग्रॅमला आम्ही पुराणवस्तू म्हणतो! हुरड्यासाठी मात्र गूळभेंडी, सुरती हे वाण वेगळे. चोळलं की दाणा कोंड्यातून अलगद सुटतो. पण गोड वाण पाखरांनाही कळतो, त्यामुळे राखण जास्त लागते. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं फुले उत्तरा, फुले मधुर असे खास हुरड्याचे वाणही काढले आहेत.

आता मुद्द्याचं. आपल्या मित्रानं मला बांधावर सांगितलं की त्याच्या वडिलांच्या वेळी ८ एकर शाळू असायचा. आता दीड एकर आहे, आणि पुढच्या वर्षी तोही मोडून ऊस लावायचं त्याच्या मनात आहे. ज्या गावाला ज्वारीचं कोठार म्हणतात, जिथल्या दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडल्याची कथा आपण प्रार्थनेनंतर ऐकली, तिथली ही गोष्ट. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून जगभर साजरं झालं. पण शाळू अजूनही हातानं उपटूनच काढावा लागतो, आणि भेगाळलेल्या रानात वाकायला माणूस मिळत नाही. कडब्याला गिऱ्हाईक आहे, धान्याला भाव नाही. ऊस तोडायला निदान कारखान्याची टोळी येते. त्याचं गणित चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही. सर, तुम्हीच शिकवलेलं गणित आहे ते.

हुरड्याचं गणित मात्र वेगळं निघतं. किलोला धान्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे मिळतात, कणसं तोडल्यावर ताटं जनावरांना राहतात, आणि काढणीचा मजूर लागत नाही. अडचण एकच, आठ दिवसांत गिऱ्हाईक आलं नाही तर सगळं वाया. यावर काही शेतकरी आठ-दहा दिवसांच्या अंतरानं टप्प्याटप्प्यानं पेरतात, म्हणजे हंगाम महिनाभर चालतो. सरकारचं कृषी पर्यटन धोरण २०२०चं आहे, त्यात नोंदणीही करता येते. पण पेरताना त्याला माहीत हवं की कोणीतरी नक्की येणार आहे.

तर माझी सूचना अशी. आपण इथे ६२ जण आहोत. सकाळी जाताना काहींनी पाकीट काढलं, तेव्हा तो म्हणाला, "मित्रांकडून काय घ्यायचे?" हे त्याचं मोठेपण झालं. आपण दर ठरवू, माणशी, मुलांसकट, आणि घासाघीस न करता तो सप्टेंबरात, पेरणीच्या आधी, आगाऊ भरू. माझ्या कंपनीत काम सुरू होण्याआधी गिऱ्हाईक रक्कम देतं, त्यात कोणाला लाज वाटत नाही. त्यातला एक भाग हुरडा चोळणाऱ्या बायकांच्या मजुरीचा, वहिनींसकट, आणि तो वेगळा मांडलेला असावा. मी हिशेबाची जबाबदारी घेते. मघाशी मी वहिनींना हे विचारलं. त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, दही किती लागंल ते आधी सांगा."

आणि आयोजकांना एक विनंती. पुढच्या मेळाव्याची तारीख या वेळी व्हॉट्सॲपवर मतदान घेऊन ठरवू नका. कोणाला २६ जानेवारी हवी, कोणाला नाताळची सुट्टी. पेरणी झाली की तो कळवेल. तिथून पंच्याण्णव दिवस मोजायचे, आणि जो रविवार जवळ येईल त्याचं तिकीट काढायचं.