फुटलेली टांकी

राजगडाच्या पायथ्याशीं पाली हें गांव आहे. गडाचा पाली दरवाजा याच वाटेवर. अशा भातशेतीच्या मुलुखांत पाठीवरच्या फवारणी-पंपाची टांकी तडकली, कीं औषध थेट अंगावर उतरतें. ही टांकी बहुधा पॉलिथिलीनची; तिला साधें चिकटद्रव्य धरीत नाहीं, कितीही लेपा! प्रथम ती साबणानें धुवावी, कारण औषधाचा अंश तापला तर विषारी धूर होतो. तड्याच्या टोकांस बारीक भोकें पाडावीं, म्हणजे तो पुढें सरकत नाहीं. मग त्याच जातीच्या प्लॅस्टिकची पट्टी वितळवून वितळलेल्या कडांशीं एकजीव करावी, भोकेंही बुजवावीं. पेट्रोलच्या टांकीवर हा प्रयोग कदापि नको. रिकाम्या टांकींतील वाफही भडकते. सांधलेली टांकी पाणी भरून रात्रभर ठेवावी, व कोरडी राहिली तरच तींत औषध घालावें.