वाघ चालतो कसा?

स्क्रॅच माहितीये ना मंडळी? २००७ साली एमआयटीनं आणलेलं, एकदम फुकट. ताडोबाच्या बाजूच्या एका गावात मी ते सातवीच्या पोरांना शिकवत होतो. सगळ्यांना वाघच करायचा होता! वाघाची दोन चित्रं, लूपमध्ये आलटून पालटून. पण स्क्रॅच सेकंदाला ३० फ्रेम पळवतं, त्यामुळे पाय नुसते थरथरले. ०.२ सेकंदांचा 'वेट' टाकला, तेव्हा कुठे चालला. तरी एक पोरगी म्हणाली, "सर, तो असा नाही चालत. मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडते."

तिची आई उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जाते. ठसे दिसले की बाया वाट बदलतात. पोरीनं मग चार चित्रं काढली, पाऊल बरोबर ठशावर. बॅकग्राउंडला तेंदूचं जंगल. त्यात आईला मात्र काढलं नाही.