सावली आणि घड्याळ

१९०६ पासून आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावरून मोजतात. आमचं एरंडोल त्याच्या बरंच पश्चिमेला. म्हणून इथं सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात साडेबाराच्या आसपास वाजलेले असतात. मुंबईत तर ३९ मिनिटं मागची जुनी वेळ १९५५ पर्यंत चालली.

महायुद्धात, सप्टेंबर १९४२ मध्ये, सरकारनं वीज वाचवायला घड्याळं आणखी एक तास पुढं केली. ऑक्टोबर १९४५ पर्यंत ती तशीच होती. म्हणजे सावली आणि घड्याळ यांत दीड तासाचं अंतर पडलं!

आमचे आजोबा सावली पाहून नमाज पढायचे. घरात घड्याळ नव्हतं. त्याच दिवसांत भाऊ गेल्याचा निरोप आला. बैलगाडी जुंपून ते म्हसावद स्टेशनला पोचले, तर आगगाडी कधीच निघून गेलेली. भावाच्या मातीला त्यांना जाता आलं नाही. आजी म्हणायची, ‘‘सूर्य चुकला नव्हता रे, पण गाडी त्याचं ऐकत नव्हती.’’

आसामच्या चहामळ्यांत आजही ‘बागान टाइम’ तासभर पुढं चालतो; पण तिथं तो मजुरांना ठाऊक असतो. वेळ जरूर बदलावी. फक्त ज्याच्या घरी घड्याळ नाही, त्यालाही आधी सांगावं.