पांढरीच्या मातीतील इतिहास



उत्खननात काय सापडले, असे विचारणाऱ्याच्या मनात बहुधा मोहरांचा हंडा असतो. पुरातत्त्वज्ञाच्या हाती मात्र खापरे, हाडे, मणी, चुली आणि करपलेले दाणेच अधिक येतात. शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठचे इनामगाव पाहा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळात नांदलेल्या या वसाहतीतील शंभराहून अधिक घरे उजेडात आली. करपलेल्या दाण्यांवरून तेथे सातू पिकत असे, हे कळले. पाट व बांध यांच्या अवशेषांवरून पाण्याची व्यवस्था उमगली. घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून पुरलेल्या कुंभांत बालकांच्या अस्थी मिळाल्या. अखेरच्या काळात प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती खालावली; या हलाखीची साक्षही मातीनेच दिली.

कोणती वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी होती, यावरून हा इतिहास जुळतो. जागेवरून हललेले खापर मुके होते. गावाजवळच्या पांढरीची माती शेतासाठी वा भिंतींसाठी उकरून नेली, की ही साक्ष कायमची पुसली जाते. म्हणून ग्रामपंचायतींनी पांढरीचे खोदकाम थांबवावे, शिक्षकांनी मुलांना तिचे मोल सांगावे आणि काही आढळल्यास ते न हलविता तहसीलदारांस व पुरातत्त्व विभागास कळवावे. एकदा विस्कटलेला थर पुन्हा रचता येत नाही.