सिंफनीची ध्वनिमुद्रिका निवडताना



पाश्चात्त्य सिंफनी घरी ऐकू पाहणारा माणूस आधी विचारतो, की सर्वोत्तम ध्वनिमुद्रण कोणते? बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीपुरते बोलायचे, तर जाणकारांच्या याद्या बहुधा कार्लोस क्लायबर यांनी १९७४ साली व्हिएन्ना फिलहार्मोनिककडून करून घेतलेल्या वादनाकडे बोट दाखवतात. त्याच्या थोरवीबद्दल माझा वाद नाही. पण निवड नावावरून न करता रचनेतल्या मोजक्या जागांवरून करावी, आणि त्या जागा स्वतःच्या खोलीत ऐकून पाहाव्यात, असे माझे प्रतिपादन आहे.

सिंफनीत प्रत्येक सूर कागदावर लिहिलेला असतो. रागासारखी बढत करायची मुभा वादकाला नसते. तरीही पहिल्या भागाला क्लायबर सव्वासात मिनिटांच्या आसपास वेळ घेतात, तर ऑटो क्लेम्परर यांना १९५९च्या ध्वनिमुद्रणात आठ मिनिटांहून बराच जास्त लागतो. मग खुद्द रचनाकाराची लयच प्रमाण का मानू नये? आक्षेप वजनदार आहे. बेथोव्हेनने १८१७मध्ये मेट्रोनोमचे आकडे जाहीर केले, त्यांत या भागाची लय मिनिटाला १०८ बार अशी आहे. पुनरावृत्ती धरून ६२६ बार होतात. म्हणजे लांबवलेले सूर वगळता सहा मिनिटांच्या आत काम आटोपायला हवे. जॉन एलियट गार्डिनर यांच्या १९९४च्या संचात जुन्या बनावटीच्या वाद्यांवर या लयीची बूज राखलेली आहे. परंतु हे आकडे १८०८च्या पहिल्या प्रयोगानंतर नऊ वर्षांनी आले, आणि लय कधी एकटी नसते. वादक किती, सभागृहात घुमारा किती, यावर ती झेपते की नाही हे ठरते. क्लेम्परर यांच्या संथ लयीत बासरी-ओबोच्या मधल्या ओळी सुट्या ऐकू येतात. दुसरी व्हायोलिने त्यांनी उजवीकडे बसवल्यामुळे दोन गटांतली देवाणघेवाणही स्पष्ट कळते. एकाने वेग साधला, दुसऱ्याने वीण उलगडली.

मग सगळीच ध्वनिमुद्रणे सारखी, असे मात्र नव्हे. पहिल्या भागात दुसऱ्या सुरावटीची हाक हॉर्न देतात. उत्तरार्धात तीच हाक बेथोव्हेनने बासूनकडे सोपवली आहे. पुढच्या काळात अनेक संचालकांनी ती परत हॉर्नना दिली. नाद भारदस्त झाला, पण लिहिलेला रंग गेला. दुसरी कसोटी तिसऱ्या भागाच्या शेवटी आहे. तिथे तंतुवाद्ये अगदी हळू सूर धरतात, टिंपनी दबक्या टकटकीने चालू राहते आणि तेथून थेट चौथ्या भागाचा स्फोट होतो. ट्रॉम्बोन या सिंफनीत प्रथम तिथेच वाजतात. फिरता पंखा आणि रस्त्यावरची वाहतूक यांच्या गराड्यात ही टकटक बुडाली, आणि ती ऐकू यावी म्हणून आवाज वाढवताच स्फोटाने शेजारी दचकले, तर ते ध्वनिमुद्रण उत्तम असूनही त्या खोलीचे नाही. अशा घरात हेडफोन तरी वापरावेत, किंवा हळू-मोठ्या आवाजातले अंतर कमी असलेले जुने मोनो ध्वनिमुद्रण तरी घ्यावे.

नवख्या श्रोत्याला हे कसे कळणार, अशी शंका कोणी घेईल. पण यासाठी स्वरलिपी वाचता यावी लागत नाही. ठरावीक दोन जागा दोन ध्वनिमुद्रणांत पाठोपाठ ऐकल्या, की फरक कानाला आपोआप जाणवतो. म्हणून संग्रहाची सुरुवात एका सर्वोत्तमाने न करता परस्परांशी न पटणाऱ्या दोघांनी करावी: क्लायबर किंवा गार्डिनर, आणि सोबत क्लेम्परर. एकच वादन वारंवार ऐकले, तर संचालकाचा निर्णय आपल्याला बेथोव्हेनचाच वाटू लागतो. दुसरे जवळ असले, की हे दोन्ही वेगळे ओळखता येतात, आणि तिसरे निवडताना कोणाच्या यादीची गरज उरत नाही.