जे दिसेनासे होते, त्याची बातमी

(शाहूवाडी येथील एका वाचनालयात ‘पर्यावरण पत्रकारिता आणि नामशेष होणारे प्राणी’ या विषयावर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बिबट्या वस्तीत शिरला तर दुसऱ्या दिवशी त्याची बातमी होते. गवा उसात उतरला तरी होते. परंतु एखादा प्राणी रानातून कायमचा गेला, तर त्या दिवशी वार्ताहराला काहीच दिसत नाही. घटनेला दिवस असतो, स्थळ असते. नाहीसे होण्याला यांपैकी काही नसते. पर्यावरण पत्रकारितेची खरी अडचण ही आहे.

कोल्हापूर संस्थानाचेच उदाहरण पाहावे. पाळीव चित्त्यांकरवी काळविटांची शिकार करण्याची येथील प्रथा प्रसिद्ध होती. चित्ता बंदिवासात क्वचितच वीत असे. त्यामुळे शिकारखान्यातील चित्ता बहुधा रानातूनच धरून आणलेला असे. म्हणजे खर्च होत होते ते व्याज नव्हे, मुद्दल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापुरासाठी आफ्रिकेतून चित्ते आणवावे लागले, तेव्हाच हे मुद्दल संपत आल्याचे उघड झाले होते. पण शिकारीचा थाट लोकांच्या नजरेत भरला, आटत चाललेली संख्या भरली नाही. 1952 मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले. पुढे सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणले गेले, तेव्हा तो सोहळा देशभर गाजला. येण्याला बातमी लाभली, जाण्याला लाभली नव्हती.

चित्ता हा राजेरजवाड्यांचा प्राणी होता, असे म्हणून हा विषय सोडता येईल. गिधाडाबाबत तसे म्हणता येणार नाही. गावकुसाबाहेर टाकलेले मेलेले जनावर काही तासांत फस्त करणारा हा पक्षी म्हणजे गरिबांची बिनपगारी आरोग्यसेवा होती. 1990 नंतरच्या दशकात गिधाडे झपाट्याने मरू लागली. 2007 पर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची देशातील संख्या हजारात एक इतकीच उरली. 2004 मध्ये कारण प्रसिद्ध झाले : जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. त्यामुळे काहीशे मृत जनावरांपैकी एकात औषध असले तरी प्रजातीचा ऱ्हास होण्यास ते पुरेसे होते.

यात शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल. लंगडणाऱ्या बैलाला स्वस्तातले औषध टोचणे हा त्याचा साधा व्यवहार होता. दोष त्या हिशेबाचा, ज्यात औषधाची किंमत मोजली जाते आणि गिधाडाची शून्य धरली जाते. ही शून्य किंमत पुढे समाजाने चुकती केली. उघड्यावर कुजणारी जनावरे, दूषित पाणी, वाढलेली भटकी कुत्री आणि त्यांच्यामागोमाग रेबीज. ईयल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की 2000 ते 2005 या काळात गिधाडे संपल्यामुळे देशात सुमारे पाच लाख अधिक माणसे दगावली. ती एका दिवशी, एका ठिकाणी मेली असती तर सरकारे हादरली असती. ती विखुरलेली मेली, म्हणून कोणालाच दिसली नाहीत.

आता शाहूवाडीकडे वळावे. शेजारच्या चांदोलीला 1985 मध्ये अभयारण्य आणि 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान असा दर्जा मिळाला. 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. 2012 मध्ये हे रान जागतिक वारशाच्या यादीत गेले. रान वाचले पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु त्यासाठी ज्यांनी घरे व शेते सोडली, त्या कुटुंबांना पर्यायी जमिनीसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले. वाघाचा लाभ साऱ्या देशाला आणि त्याचे मोल मूठभर वाड्यांना, ही वाटणी न्याय्य नव्हे. जो वार्ताहर केवळ वाघाबद्दल लिहितो तो अर्धेच लिहितो. जो केवळ विस्थापितांबद्दल लिहितो तोही. जंगलाचा शत्रू म्हणून ज्याला उभे केले जाते, तो माणूस उद्या जंगलाच्या बाजूने कसा उभा राहील?

यावर उपाय मोठा नाही, चिकाटीचा आहे. 2006 मध्ये डायक्लोफेनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांना वापरल्या जात राहिल्या, म्हणून 2015 मध्ये त्यांवरही निर्बंध घालावे लागले. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक औषध उपलब्ध आहे. तालुक्यातील औषधांच्या दुकानांत प्रत्यक्षात काय विकले जाते, कड्यांवर यंदा किती घरटी दिसली, किती विस्थापितांना सातबारा हातात मिळाला, याची नोंद दरवर्षी त्याच महिन्यात करून छापणे हे कोणत्याही वार्ताहराला आणि कार्यकर्त्याला शक्य आहे. एका वर्षाच्या आकड्याची बातमी होत नाही. दहा वर्षांचे आकडे शेजारी ठेवले, की जे दिसेनासे होत आहे ते दिसू लागते. वाचनालयाच्या एका वहीत ही नोंद आजपासून सुरू होऊ शकते.