धुराचा जमाखर्च

या व्यासपीठावर विद्वान वक्ते येऊन गेले आहेत. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. त्यापुढचे सारे कारखान्याच्या दारात, वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कारखान्यातून किती हरितगृह वायू बाहेर पडला, त्याचा हिशोब संगणकावर कसा करतात आणि तो जगापुढे कसा मांडतात, हा विषय इंजिनियरांचा, फार तर हिशेबनिसांचा. कामगार चळवळीतल्या माणसाने त्यात का पडावे? त्याचे उत्तर व्याख्यान संपेपर्यंत मिळेल अशी आशा आहे.

आरंभी गोष्ट काय आहे ती सरळ सांगतो. कोळसा, तेल, गॅस जाळला की कार्बन डाय-ऑक्साइड वायू तयार होतो. तो हवेत साठतो आणि पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. हे ज्ञान आजचे नव्हे. स्वीडनच्या अऱ्हेनियस या शास्त्रज्ञाने १८९६ साली, संगणकावाचून, हाताने आकडेमोड करून या वायूने तापमान किती वाढेल याचे गणित मांडले होते. १९५८ साली हवाई बेटावरच्या मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. २०२४ मध्ये ते ४२० च्या वर गेले. मे महिन्यात पत्र्याखाली उभा राहून भट्टीवर काम करणाऱ्याला या आकड्याचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही.

आता, जगाचा हिशोब झाला. पण अमुक एका कारखान्याचा वाटा किती, हे कसे ठरवायचे? त्यासाठी १९९८ पासून दोन आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून नियम बसवायला घेतले आणि २००१ साली ते प्रसिद्ध केले. त्याला ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल म्हणतात. आज बहुतेक जग त्याच नियमांनी हिशोब लिहिते. त्यात तीन खाती आहेत. पहिले खाते आपल्या कुंपणाच्या आत जळते त्याचे : बॉयलर, जनरेटर, कंपनीच्या गाड्या, एसीतून गळालेला वायू. दुसरे खाते विकत घेतलेल्या विजेचे. दिवा इथे लागतो, पण कोळसा चंद्रपूर-कोराडीला जळतो. तिसरे खाते बाकी सगळ्याचे : कच्चा माल तयार करताना, ठेकेदाराच्या ट्रकने नेताना, कामगार घरून येता-जाताना, आणि विकलेला माल गिऱ्हाइकाने वापरताना निघणारा धूर. या तिसऱ्या खात्याचे पंधरा पोटविभाग आहेत.

हिशोबाची रीत मात्र वाण्याच्या वहीइतकी साधी आहे. जितके वापरले, त्याला दराने गुणायचे. एक लिटर डिझेल जाळले की सुमारे २.६८ किलो कार्बन डाय-ऑक्साइड निघतो. आपल्या देशातल्या विजेच्या एका युनिटमागे सरासरीने सुमारे ०.७ किलो धरावा लागतो. हा दर केंद्रीय विद्युत प्राधिकरण प्रसिद्ध करते. समजा, एका कारखान्यात महिन्याला एक लाख युनिट वीज लागली. झाले सत्तर टन. दोन हजार लिटर डिझेल लागले. झाले साधारण साडेपाच टन. कँटीनला १९ किलोचे चाळीस सिलिंडर लागले. ते सव्वादोन टन.

आणि आता गंमत पाहा. एसीच्या यंत्रात आर-४१०ए नावाचा वायू असतो. तो उष्णता अडवण्यात कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट जोरकस आहे. मिस्त्रीने महिन्यात तो दहा किलो नव्याने भरला, म्हणजे दहा किलो आधी गळून गेला होता, असा अर्थ. दहा किलोचे वीस टन झाले! सबंध कँटीनच्या नऊ पट. धूर दिसत नाही, वास येत नाही, आणि साहेबाच्या खोलीतला गारवा हिशोबात डिझेलला मागे टाकतो. म्हणून म्हणतो, या जमाखर्चात डोळ्यांवर विश्वास ठेवून भागत नाही, लिहावेच लागते.

पूर्वी हे कोणी हौसेने लिहीत असे. आता तसे राहिलेले नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२१ साली फर्मान काढले आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार कंपन्यांना पहिल्या दोन खात्यांचा हिशोब वार्षिक अहवालात देणे भाग पडले. तिकडे युरोपात १ जानेवारी २०२६ पासून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत अशा आयात मालावर त्यातल्या धुराप्रमाणे आकार लागू झाला आहे. आपल्या औद्योगिक वसाहतीतला बोल्ट तिकडे जाणार असेल, तर तो करताना किती धूर झाला हे गिऱ्हाईक विचारते. म्हणजे मोठ्यांचे लोण लहानांपर्यंत येऊन पोचले.

इतके आकडे हाताने कोण लिहिणार? म्हणून सॉफ्टवेअर आले. ते काय करते? विजेची बिले, डिझेलच्या पावत्या, स्टोअरच्या नोंदी आत घेते. लिटरचे टन करते. त्या त्या वर्षाचा दर लावते. तिन्ही खात्यांत वाटणी करते आणि अहवाल छापून देते. चांगले सॉफ्टवेअर आणखी एक काम करते : कोणता आकडा कुठून आला, कोणी भरला, कोणी बदलला, याची खूण ठेवते. मी यंत्राचा शत्रू नाही. शंभर बिलांची बेरीज माणसाने रात्र जागून करावी असे मला मुळीच वाटत नाही.

पण यंत्राला हिशोब येतो, खरे-खोटे कळत नाही. उच्च दाबाच्या विजेच्या मीटरवर जो आकडा दिसतो, त्याला एका ठरलेल्या गुणकाने गुणले की खरे युनिट मिळतात. भरणाऱ्याने तो गुणक सोडला, तर यंत्र निमूटपणे हजारो युनिट गिळून टाकील. डिझेलचे लिटर न भरता रुपये भरले आणि त्यावरून धूर काढला, तर भाव वाढला की धूरही वाढलेला दिसेल. टाकी तीच, इंजिन तेच! तळाशी पेरले ते वर उगवते.

यंत्राने सांगितले म्हणजे खरेच, असे मानले की काय होते, त्याचा मोठा कडू दाखला ब्रिटनमध्ये घडला. तिथल्या पोस्ट खात्याने १९९९ पासून हिशोबासाठी होरायझन नावाचे सॉफ्टवेअर बसवले. ते तूट नसताना तूट दाखवी. खात्याने यंत्रावर विश्वास ठेवला, माणसांवर ठेवला नाही. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक पोस्टचालकांना चोर ठरवून शिक्षा झाल्या. कोणी तुरुंगात गेले, कोणी घरदार विकले. अखेर २०२४ साली संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. आकडा चुकला तर त्याची किंमत नेहमी खालच्या माणसाने चुकती केली आहे, हे आपण विसरू नये.

आपल्या घरचा दाखला याहून जवळचा आहे. मुंबईच्या गिरणी कामगाराचा महागाई भत्ता राहणीखर्चाच्या निर्देशांकावर ठरे. बाजारात भाव चढत होते, पण निर्देशांक त्या मानाने हलेना. पगारपत्रक दुरुस्त करा एवढेच म्हणून त्या काळचे पुढारी थांबले नाहीत. आकडा कसा काढता, तो दाखवा, असे त्यांनी विचारले. १९६३ साली या प्रश्नावर मुंबई बंद झाली. सरकारने अर्थशास्त्रज्ञ प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि निर्देशांक महागाई कमी दाखवत होता, ही कामगारांची तक्रार समितीने खरी ठरवली. माझ्या पिढीने ही हकिकत जुन्या कार्यकर्त्यांकडून ऐकली. तिचा बोध असा, की ज्या आकड्यावर आपली भाकरी ठरते, तो कसा निघतो हे माहीत असणे हा कामगाराचा हक्क आहे.

आणि धुराच्या आकड्यावर आता भाकरी ठरू लागली आहे. कशी, ते सांगतो.

एखाद्या कंपनीला पहिले खाते कमी करून दाखवायचे आहे. दोन वाटा आहेत. पहिली कष्टाची : बॉयलरची गळती थांबवा, जुन्या मोटारी बदला, छपरावर सूर्यवीज बसवा. दुसरी सोपी : बॉयलर ठेकेदाराला द्या, कँटीन ठेकेदाराला द्या, गाड्या ठेकेदाराला द्या. ठेका कसा लिहिला आहे ते पाहून तो धूर पहिल्या खात्यातून उठतो आणि तिसऱ्या खात्यात जातो. आणि सेबीच्या नमुन्यात तिसरे खाते सक्तीच्या रकान्यात नाही, ऐच्छिक रकान्यात आहे. चिमणी तीच, धूर तोच, बॉयलरवर उभा असलेला गणपतराव तोच. फक्त कालपर्यंत तो कायम कामगार होता, आज ठेक्यावर आहे. अहवालात लिहिले जाते की उत्सर्जन घटले. मी विचारतो, काय घटले? हवेतला धूर, की गणपतरावाची ग्रॅच्युइटी?

ही केवळ माझी शंका नाही. नियम करणाऱ्यांनाही ती आली होती. त्या प्रोटोकॉलमध्येच लिहिले आहे की काम बाहेर दिले, त्याचा धूर दुसऱ्या वा तिसऱ्या खात्यात दाखवला नाही आणि फरक मोठा असला, तर ज्या आधारवर्षाशी तुलना करता, त्या वर्षाचा हिशोब पुन्हा करा. म्हणजे बाहेर दिलेल्या कामाचा धूर जुन्या वर्षातूनही वजा करा. मग घट दिसणारच नाही. नियम चांगला आहे. पण नियमाचे बोट दाखवायला तिथे कोणीतरी माहीतगार बसलेला असावा लागतो.

दुसरी हातचलाखी दर रुपयामागच्या आकड्याची. शंभर कोटींची विक्री आणि दहा हजार टन धूर, म्हणजे कोटीमागे शंभर टन. पुढच्या वर्षी मालाचा भाव दहा टक्क्यांनी वाढवला. माल तितकाच, धूर तितकाच, विक्री एकशे दहा कोटी. कोटीमागे एक्क्याण्णव टन! काही न करता नऊ टक्के घट. म्हणून रुपयामागचा आकडा कोणी दाखवला, तर लगेच विचारावे, एकूण टन किती? आणि मालाच्या एका टनामागे किती? तिन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले की झाकलेले उघडे पडते.

यावर मालकवर्गातले मित्र म्हणतात, कामगारांनी यात लक्ष घातले तर धूर कमी करण्याचे कामच अडेल. मला उलटे वाटते. हा सगळा हिशोब मुळात लिहितो कोण? मीटर वाचतो वायरमन, डिझेल मोजतो स्टोअरमधला क्लार्क, वायू भरतो मिस्त्री, बॉयलरची वही लिहितो अटेंडंट. सॉफ्टवेअर बसते शेवटच्या पायरीवर. पहिली पायरी कामगाराच्या हातात आहे. कोणती झडप वर्षभर फुसफुसते, कोणता कॉम्प्रेसर सुट्टीतही चालू राहतो, हे सल्लागाराआधी त्याला ठाऊक असते. पण त्याला कोणी विचारत नाही. आणि सांगितले तर आपलीच पाळी कमी होईल ही भीती असते. ती भीती खोटी म्हणता येत नाही. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत कामगारांच्या न्याय्य स्थित्यंतराचा शब्द आहे. तो शब्द पॅरिसहून आपल्या कारखान्याच्या दारापर्यंत कोणी आणायचा? तो आपल्यालाच आणावा लागेल.

त्यासाठी आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. धुराचा वार्षिक हिशोब, कोणते दर लावले त्यासकट, मराठीत फलकावर लावावा. हा हिशोब पाहणाऱ्या समितीत कामगारांचे दोन प्रतिनिधी घ्यावेत आणि त्यांना तो वाचायला शिकवावे. ठेक्यावर दिलेल्या कामाचा धूर लपवू नये, तिसऱ्या खात्यात मांडावा. नोंद करणाऱ्यावर, खरा आकडा वाईट निघाला म्हणून, ठपका ठेवू नये. आणि धूर वाचवून जो पैसा वाचेल, त्यातला वाटा जुन्या यंत्रावरच्या माणसाला नवे यंत्र शिकवण्यात घालावा.

आपण सारे कामगार नाही, हे मला माहीत आहे. इथे शिक्षक आहेत, दुकानदार आहेत, बँकेतले आहेत, कोणी भागधारकही असतील. आपल्या हाती कंपनीचा गुळगुळीत अहवाल येतो. त्यात झाडाचे चित्र असते, हिरव्या पानावर टक्केवारी असते. चित्र पाहून पान उलटू नका. तीन गोष्टी विचारा : खाती किती दाखवली, आधारवर्ष कोणते, आणि या वर्षात कोणते काम बाहेर दिले. एवढे तीन प्रश्न विचारणारी शंभर माणसे एका गावात निघाली, तर हिशोब लिहिणाऱ्याचा हात आपोआप सरळ चालेल.

हवा कोणाच्या कुंपणात राहत नाही. मालकाच्या चिमणीतला धूर कामगाराच्या खोलीवर येतो, तसाच मालकाच्या बंगल्यावरही जातो. तेव्हा तिचा जमाखर्च सर्वांसमक्ष, सर्वांना कळेल अशा भाषेत मांडला जावा, एवढेच माझे म्हणणे आहे.